मेजर राहू द्या, आधी काम बघू द्या

प्रश्न: आमची मुलगी न्यू जर्सीत स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. पहिलं वर्ष नुकतंच संपलं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, सायकॉलॉजी. माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आलेल्या असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हा घरी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचं (ओटीचं), म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाचं, काम मुलीने जवळून बघितलं आणि 'मला हेच करायचंय' म्हणून ठरवून टाकलं. आमचा विरोध नाही, पण आपल्या ओळखीत या क्षेत्रात कोणीच नाही. ह्यांचं म्हणणं, मेजर बदलून बायोलॉजी घे, म्हणजे उद्या मन बदललं तर मेडिसिन, पीए (डॉक्टरांसोबत काम करणारा फिजिशियन असिस्टंट) असे सगळे रस्ते मोकळे राहतील. पण पहिल्याच सेमिस्टरला तिने बायोलॉजी, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एकदम घेतलं आणि बायोलॉजीत सी आला. तेव्हापासून तिचा धीर खचलाय. ओटीसाठी ऑरगॅनिक केमिस्ट्री लागते का? त्या सी मुळे दार बंद झालं का? आणि मंडळातल्या एकींनी सांगितलं की २०२७ पासून ओटीला डॉक्टरेट सक्तीची होणार. तसं असेल तर खर्चाचं सगळं गणितच बदलतं. काय करावं?
– एक आई

उत्तर: तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं आधी एका दमात देते. मेजर बदलू नका. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची गरज नाही. सी मुळे दार बंद झालेलं नाही. आणि डॉक्टरेट सक्तीची नाही.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण ही बातमी अजूनही घरोघरी फिरते आहे. ती अगदी निराधार होती असं नाही. इथल्या ओटीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एकोट या संस्थेने २०१७ मध्ये खरंच जाहीर केलं होतं की २०२७ पासून या व्यवसायात यायचं तर डॉक्टरेटच लागेल. त्यावर व्यवसायातूनच मोठा विरोध झाला, निर्णय स्थगित झाला आणि २०१९ मध्ये मास्टर्स आणि डॉक्टरेट हे दोन्ही मार्ग कायम ठेवण्यात आले. पहिली बातमी ज्यांनी ऐकली, त्यांच्यापर्यंत दुसरी पोचलीच नाही. आज परिस्थिती अशी आहे की मास्टर्स करा किंवा ओटीडी, म्हणजे ओटीची डॉक्टरेट, करा, पुढची एनबीसीओटी ही देशपातळीवरची परीक्षा तीच आणि राज्याचं लायसन्सही तेच. मास्टर्स साधारण दोन ते अडीच वर्षांत होतं, ओटीडीला सुमारे तीन वर्षं लागतात. दोन्हीत किमान २४ आठवड्यांचं पूर्णवेळ फील्डवर्क असतं. ओटीडीत त्यावर आणखी १४ आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा मोठा प्रकल्प. जिला रुग्णांसोबत काम करायचंय, तिने मास्टर्स करावं असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे शिकवायची किंवा संशोधनाची ओढ लागली, तर नोकरी करता करता डॉक्टरेट करता येते.

आता मेजरचं. इथे २००७ पासून नुसत्या बॅचलर्सवर ओटी होता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलीची आत्ताची डिग्री ही ओटीची डिग्री नव्हे. पुढे अर्ज करायला लागणारा पाया आहे. आणि हा पाया कुठल्या मेजरचा असावा याची अट जवळजवळ कुठेच नसते. ओटीच्या वर्गात सायकॉलॉजीवाले असतात, किनिसिऑलॉजीवाले, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकलेले, असतात, बायोलॉजीवाले असतात, मधूनच एखादी संगीत किंवा इंग्रजी शिकून आलेली मुलगी असते. कॉलेजं बघतात ते ठरावीक पूर्वविषय, म्हणजे प्रीरिक्विझिट्स, झालेत की नाहीत, त्यांत ग्रेड कशा आहेत, आणि हे काम काय असतं ते अर्जदाराला खरोखर ठाऊक आहे की नाही.

तुमच्या यजमानांची काळजी मी समजू शकते. रस्ते मोकळे राहावेत असं कुठल्या बापाला वाटणार नाही? पण इथल्या मेडिकल स्कूलला तरी बायोलॉजी मेजर कुठे लागतं? तिथेही विषयांची यादीच बघतात, आणि पीएचंही तसंच. मेजर बायोलॉजी केल्याने एखादा रस्ता आपोआप उघडतो असं नाही. होतं एवढंच, की जिला त्या विषयाची आवड नाही तिला त्यातले कठीण, वरच्या पातळीचे दहा-एक कोर्स सक्तीने घ्यावे लागतात आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, खाली येतो. मग ज्या रस्त्यावर तिला खरंच जायचंय तोच अरुंद होतो. फिजिकल थेरपीची शक्यता तिला स्वतःला खुली ठेवावीशी वाटत असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पूर्ण वर्षाचे कोर्स बहुतेक ठिकाणी मागतात. तो प्रश्न तिला विचारा, आणि 'नाही' म्हणाली तर पुन्हा काढू नका.

शिवाय सायकॉलॉजी हे ओटीसाठी उत्तम मेजर आहे. पूर्वविषयांतले निम्मे त्यातच येऊन जातात.

हे पूर्वविषय कोणते? कॉलेजागणिक यादी थोडी बदलते, पण गाभा सगळीकडे सारखाच: अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन कोर्स लॅबसकट, स्टॅटिस्टिक्स, जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या विकासाचा म्हणजे लाइफस्पॅन डेव्हलपमेंटचा कोर्स, अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, आणि सोशिऑलॉजी किंवा अँथ्रोपॉलॉजी यांपैकी एक. काही ठिकाणी यात फिजिक्स किंवा किनिसिऑलॉजी आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी यांची भर पडते. इथे एक खाचखळगा सांगून ठेवते. सायकॉलॉजीच्या मुली 'चाइल्ड डेव्हलपमेंट' घेतात आणि विकासाचा विषय झाला असं समजतात. पुष्कळ कॉलेजं ते धरत नाहीत. त्यांना पूर्ण आयुष्यक्रमाचा कोर्स हवा असतो. हायस्कूलमध्ये एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, सायकॉलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स केलं असेल, तर ते क्रेडिटही काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चालत नाही.

यांतल्या एका विषयावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मुलांचे अर्ज तिथेच तरतात किंवा बुडतात. तो म्हणजे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी. एवढं पाठांतर कशाला, असं प्रत्येक पिढीतली मुलं विचारतात, म्हणून एक उदाहरण देते. हे तिला वाचून दाखवा.

मानेच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूला इजा झालेला एक तरुण आहे असं समजा. इजा सी-६, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर. त्याच्या बोटांचे स्नायू काम करत नाहीत, पण मनगट वर उचलणारे स्नायू शाबूत आहेत. बोटं वळवणारे टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून पुढे जातात. त्यामुळे त्याने मनगट वर उचललं की ते ताणले जातात आणि बोटं आपोआप आत वळतात. मनगट खाली सोडलं की बोटं उघडतात. बोटांत ताकद शून्य, तरी या युक्तीवर तो टूथब्रश धरू शकतो, कागद उचलू शकतो, हलका पेला तोंडाला लावू शकतो. आता घरच्यांनी मायेपोटी रोज त्याचं मनगट आणि बोटं दोन्ही एकाच वेळी मागे नेऊन ताणून 'व्यायाम' दिला तर? टेंडन लांबतात, सैल पडतात, आणि ती पकड हातची जाते. कुठला टेंडन कुठून कुठे जातो आणि कुठल्या सांध्यावरून जातो हे ज्या थेरपिस्टच्या डोक्यात पक्कं असतं, ती घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगते: बोटं सरळ करायची तर मनगट खाली वळलेलं असू दे. त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य स्वतःच्या हाताने दात घासण्यात जाणार की दुसऱ्याकडून घासून घेण्यात, हे अशा एका वाक्यावर ठरतं. अ‍ॅनाटॉमी शिकायची ती यासाठी.

म्हणून हे दोन कोर्स कधी घ्यायचे यावर सगळं वेळापत्रक बेतावं. दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला, पहिला, लगेच स्प्रिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला, दुसरा. मध्ये खंड नको. ज्या सेमिस्टरला हा कोर्स असेल, त्या सेमिस्टरला दुसरा लॅबवाला विषय घ्यायचा नाही. उन्हाळ्यात पाच-सहा आठवड्यांत उरकून टाकायचा मोह पुष्कळांना होतो. एवढं मटेरियल इतक्या कमी दिवसांत डोक्यात मुरत नाही, आणि ग्रेडही तेच सांगते. पहिल्या सेमिस्टरला तुमच्या मुलीचं जे झालं, ते तिच्या कुवतीमुळे झालं असं मला मुळीच वाटत नाही. नवं कॉलेज, आणि त्यात तीन जड विषय एकावेळी. ती मांडणीच चुकीची होती.

त्या सी बद्दल. जनरल बायोलॉजी हा बहुतेक ओटी कॉलेजांचा पूर्वविषय नसतोच. तो लागतो तो तुमच्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात बसायला. त्यासाठी सी चालतो का, एवढं आधी बघून घ्या. चालत असेल तर तो कोर्स पुन्हा करू नका. हिशेबच करून दाखवते. चार क्रेडिट्सच्या कोर्समध्ये सी ऐवजी ए असता, तर ९० क्रेडिट्सअखेर, म्हणजे साधारण अर्जाच्या वेळी, जीपीएत फरक पडला असता ०.०९ चा. हा खड्डा स्टॅटिस्टिक्स आणि अ‍ॅनाटॉमीतल्या चांगल्या ग्रेडने भरून निघतो. आणि कोर्स पुन्हा केल्याने जुनी ग्रेड पुसली जाते असंही समजू नका. युनिव्हर्सिटी स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर ती बदलत असेल, पण बहुतेक ओटी कॉलेजांचे अर्ज ज्या ओटीकॅस या एकत्रित यंत्रणेतून जातात, ती दोन्ही प्रयत्न धरूनच जीपीए काढते. हे न कळल्यामुळे मुलं उगाच एक सेमिस्टर आणि पैसे घालवतात.

बाकीची मांडणी सोपी आहे. दुसऱ्या वर्षात अ‍ॅनाटॉमीच्या जोडीला स्टॅटिस्टिक्स आणि लाइफस्पॅन डेव्हलपमेंट. स्टॅटिस्टिक्स सायकॉलॉजी विभागातलं चालतं, आणि ते मनापासून करावं, कारण मुलांच्या चाचण्यांचे प्रमाणित गुण वाचून आईवडिलांना समजावणं हे पुढे रोजचं काम असतं. तिसऱ्या वर्षात अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी किंवा अँथ्रोपॉलॉजी, आणि लागत असेल तर फिजिक्स किंवा किनिसिऑलॉजी. ओटीकॅसचे अर्ज साधारणपणे चौथ्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात सुरू होतात. म्हणजे प्रत्यक्षात कॉलेजांसमोर जातात त्या तिसऱ्या वर्षापर्यंतच्या ग्रेड. एखाददुसरा विषय 'चालू आहे' म्हणून दाखवता येतो. अ‍ॅनाटॉमी मात्र त्यात नसावी.

पण हे सगळं ढोबळ झालं. खरी मांडणी उलट्या टोकाकडून करायची असते. तिला आत्ताच, याच उन्हाळ्यात, पुढे जावंसं वाटतं अशी पाच-सहा कॉलेजं निवडायला सांगा. एकोटची मान्यता आहे ना, हे पहिलं बघायचं. नसेल तर एनबीसीओटी परीक्षेला बसता येत नाही. मग एक तक्ता करायचा: कुठे कोणते विषय लागतात, किमान ग्रेड काय, विषय किती वर्षांच्या आतला हवा, कम्युनिटी कॉलेजचं क्रेडिट चालतं का, लॅब ऑनलाइन चालते का, निरीक्षणाचे तास किती, जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का. तक्ता तिनेच करावा, तुम्ही करून देऊ नका. शंका आली तर त्या त्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला तिने ईमेल करावी आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. तिच्या युनिव्हर्सिटीतले अ‍ॅडव्हायझर मेडिकलची यादी तोंडपाठ सांगतात, ओटीची सांगतीलच असं नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं खूळ बहुधा तिथूनच आलं असणार.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मुलं निरीक्षणाचे तास, ज्याला शॅडोइंग म्हणतात, ते अर्जाच्या तोंडावर धावपळीत उरकतात. ते आधी हवं. अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात बसण्याआधी तिने काम बघितलेलं असावं, म्हणजे वर्गात ऐकलेलं कुठे जाऊन बसतं ते कळतं. तुमच्या घरी आलेल्या थेरपिस्टने सासूबाईंना ब्लाउज घालताना आधी लुळ्या हाताची बाही चढवायला आणि काढताना आधी चांगला हात सोडवायला शिकवलं असेल. ते तुमच्या मुलीने बघितलं आणि तिला ते भिडलं. पण ओटीचं काम तेवढंच नव्हे. शाळेत पेन्सिल धरता न येणारा, आवाजाने कावराबावरा होणारा सहा वर्षांचा मुलगा. भाजलेल्या हातासाठी स्प्लिंट बनवणारं हँड क्लिनिक. नर्सिंग होममध्ये विस्मरण झालेल्या आजी. मनोरुग्णालयात दिवसाला पुन्हा काही आकार यावा म्हणून चाललेले गट. यांतली निदान तीन वेगवेगळी ठिकाणं तिने बघावीत. कदाचित लहान मुलांमध्ये तिचा जीव रमेल, कदाचित मुळीच रमणार नाही. १९७५ च्या कायद्यापासून इथल्या सार्वजनिक शाळांत ओटीची सेवा गरजू मुलांना हक्काने मिळते, त्यामुळे शाळा हे काम बघण्याचं चांगलं ठिकाण आहे. हॉस्पिटलमध्ये शॅडोइंगसाठी टीबी चाचणी, लसीकरणाच्या नोंदी आणि गोपनीयतेचे कागद लागतात. त्याला आठवडे जातात, म्हणून मे महिन्यातच फोन करावेत.

तिथे गेल्यावर मोबाइल बॅगेत. घरी आल्यावर रुग्णाचं नाव-गाव न लिहिता वहीत टिपायचं: आज कोणतं काम अडलं होतं, थेरपिस्टने ते कशा टप्प्यांत फोडलं, काय बदललं, आणि मला काय कळलं नाही. तारीख, तास आणि थेरपिस्टची सही वेगळ्या कागदावर. दोन वर्षांनी अर्जाचा निबंध लिहायची वेळ येते तेव्हा 'मला लोकांना मदत करायला आवडते' या वाक्यापुढे मुलांची गाडी जात नाही. जिच्याकडे अशी वही असते, तिला काय लिहू असा प्रश्न पडत नाही. शिवाय शिफारसपत्रासाठी एखादी ओटी तिला नावाने ओळखत असते. दुसरं पत्र प्राध्यापकांचं लागतं, म्हणून ऑफिस अवर्सना जायला तिने लाजू नये.

मोकळे राहिलेले कोर्स तिने आनंदासाठी घ्यावेत, पण माझी निवड विचाराल तर तीन सांगेन. एक, स्पॅनिश, इथे रुग्णांशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते पहिल्याच नोकरीत कळतं. दोन, लेखनाचा एखादा कठोर कोर्स. विमा कंपनीला पटेल अशी नोंद मोजक्या शब्दांत लिहिता आली नाही, तर रुग्णाची थेरपी थांबते. तीन, हाताने काही बनवायचा कोर्स, मातीकाम, सुतारकाम, विणकाम, काहीही. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा हस्तकला हेच उपचाराचं मुख्य साधन होतं. आज साधनं बदलली, पण एखादं काम स्वतः शिकताना कुठे हात अडतो, कुठे लक्ष सुटतं, कुठे चीड येते हे अनुभवलेली मुलगी दुसऱ्याचं काम जास्त नीट फोडून बघू शकते.

खर्चाबद्दल थोडं कडक बोलते. ओटीचा पगार चांगला आहे, २०२३ मध्ये देशभरातला मध्यम पगार वर्षाला ९६,३७० डॉलर होता. पण दोन-तीन लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन सुरुवात करावी इतका तो नाही. शिवाय कायदा बदलला आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी सरकारी ग्रॅड प्लस कर्ज बंद. ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरपर्यंतच. 'प्रोफेशनल' गटात मोडणाऱ्या पदव्यांना मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे, तेव्हा आपली पदवी कोणत्या गटात धरतात हे प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी विचारून घ्या आणि तक्त्यात त्याचा एक रकाना ठेवा. राज्यातलं सरकारी कॉलेज आणि मास्टर्स, हे गणित बहुतेक घरांना झेपतं. मोठ्या नावाच्या खासगी कॉलेजाने रुग्णापुढे काही फरक पडत नाही. लायसन्स तेच असतं.

राहता राहिलं 'आपल्या ओळखीत या क्षेत्रात कोणीच नाही' हे. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा तुम्ही ऐकून असाल. ती ज्यांच्या नावाने आहे त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात स्थायिक झाल्या, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांनी देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय सुरू केलं. तेव्हापासून मराठी मुलींच्या किती पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या कितीतरी इथे येऊन काम करत आहेत. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात नुसतं विचारून बघा. कोणीतरी नक्की निघेल, आणि तुमच्या मुलीला शॅडोइंगचं पहिलं दार कदाचित तिथेच उघडेल.

फॉलची नोंदणी बदलायला अजून वेळ आहे. अ‍ॅनाटॉमीचा पहिला कोर्स, स्टॅटिस्टिक्स आणि दोन हलके विषय, एवढंच या सेमिस्टरला ठेवा. तक्ता तयार झाला की कॉलेजांची नावं आणि तिचं ट्रान्सक्रिप्ट जोडून पुन्हा लिहा, तिने स्वतः इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. मग तिसऱ्या वर्षाचं आपण सेमिस्टरवार बघू.